खुलासा : मांजरीच्या पिल्लाला दूध-पोळी देण्याबद्दल

"आईपासून लवकर तुटलेलं पिल्लू रोड असेल तर गाईचं दूध आणि कुस्करलेली पोळी द्या, आठवड्यात बाळसं धरतं" हा मेसेज सध्या फिरतोय. दुधाचा सल्ला मूळ माझाच, गेल्या पावसाळ्यातला. तो चुकीचा होता.

मांजरीच्या दुधापेक्षा गाईच्या दुधात प्रथिनं बरीच कमी आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, जास्त. पिल्लाला ते पचत नाही, जुलाब होतात, आणि एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी भराभर कमी होतं. पोळीने पोट टम्म दिसतं, एवढंच. माझं पाच आठवड्यांचं पिल्लू स्वयंपाकघरातल्या काट्यावर 310 ग्रॅम होतं. तीन दिवस दूध पाजल्यावर 290. शेपटीखाली सगळं चिकट. मग डॉक्टरांकडे पळालो.

त्यांनी पिल्लांसाठीची दूध पावडर आणि पिल्लांचंच ओलं खाणं कोमट पाण्यात कालवून, थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा द्यायला सांगितलं. जंताचं औषध वजन बघून त्यांनीच दिलं. ते मनाने देऊ नका. बाटलीने पाजताना पिल्लू पालथंच हवं, बाळासारखं उताणं नाही, नाहीतर दूध फुप्फुसात जातं. अंग गार लागलं तर आधी ऊब, मग खाणं. रोज एकाच वेळी वजन करा : दिवसाला साधारण 10 ते 15 ग्रॅम वाढायला हवं. वाढ थांबली किंवा वजन घटलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हा पाठवा.