ट्रान्झिस्टर, तिष्ठणं आणि आपला संस्कृतचा हट्ट

गावाकडच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरायलाय. म्हणे इंग्रजी सगळी संस्कृतमधून उचललेली. पुराव्यांच्या यादीत चक्क ‘ट्रान्झिस्टर’! खाली अंगठ्यांची रांग.

अहो, या शब्दाचा तर जन्मदाखला उपलब्ध आहे. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन या शास्त्रज्ञांनी जर्मेनियम या मूलद्रव्याच्या तुकड्यावर सिग्नल मोठा करून दाखवला. वस्तू झाली, नाव नव्हतं. मग मे १९४८ मध्ये लॅबमध्ये चक्क मतपत्रिका फिरली. ‘क्रिस्टल ट्रायोड’, ‘सॉलिड ट्रायोड’, ‘आयोटाट्रॉन’ असे उमेदवार होते. (आयोटाट्रॉन निवडून आलं असतं तर आमच्या आज्यानं काय म्हटलं असतं देव जाणे.) जिंकलं ते जॉन पिअर्स या इंजिनिअरनं सुचवलेलं नाव. पुढचा तुकडा ‘ट्रान्सफर’सारख्या ‘ट्रान्स’वाल्या शब्दांचा, शेपूट ‘व्हॅरिस्टर’, ‘थर्मिस्टर’ या विजेच्या सुट्या भागांच्या नावांचं. आणि व्हॅरिस्टर तरी कुठं अस्सल? ‘व्हेरिएबल’ (बदलणारा) आणि ‘रेझिस्टर’ (विजेला अडवणारा भाग) मोडून जोडलेला. म्हणजे हा जोडाचाही जोड.

मूळ सामान लॅटिन. ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे. ‘रेझिस्टर’च्या पोटात ‘सिस्टेरे’, म्हणजे उभं राहणं, उभं करणं. ‘रे’ लागला की विरोधात उभं राहणं. आता गंमत बघा. या ‘सिस्टेरे’चं संस्कृतमधलं भावंड म्हणजे ‘तिष्ठति’. तहसीलला साहेबांच्या दाराशी आपण ‘तिष्ठत’ बसतो ना, तेच. ‘ट्रान्स’चं नातं ‘तरणे’शी. ‘ट्रान्सफर’मधल्या ‘फेर्रे’चं ‘भरणे’शी.

मग फॉरवर्ड खरा? नाही. भावंडं म्हणजे मायलेकी नव्हेत. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या तिन्हींचा उगम एकच असावा आणि तो बहुधा आता उरलेला नाही, हे विल्यम जोन्स या संस्कृत शिकलेल्या इंग्रज न्यायाधीशानं कलकत्त्यात १७८६ सालीच मांडलं. दोन सख्ख्या बहिणींतल्या एकीला दुसरीची आई ठरवायची, हा कसला अभिमान? नातं आहे तेवढंच पुरेसं भारी आहे की.

दुसरं म्हणजे, मराठवाड्यातल्या माणसानं तरी शुद्धतेच्या नादी लागू नये. ट्रान्झिस्टरचं बारसं झालं त्याच १९४८ सालच्या १७ सप्टेंबरला आपण निजामातून सुटलो, पण तहसील, खासरा, फसली (महसुली साल) हे शब्द सुटले नाहीत. जमिनीच्या वादात आजही खासरा पत्रक काढायला पळतो. तिथं कुणी ‘क्षेत्रपंजी द्या’ म्हणत नाही.

आणि आमच्याकडं ट्रान्झिस्टर म्हणजे तो सुटा भाग कधीच नव्हता, अख्खा रेडिओच. कातडी कव्हरातला, सेल संपत आले की ते उन्हात ठेवायचे. “ट्रान्झिस्टर लाव रे, बाजारभाव लागले असतील,” एवढं म्हटलं की परभणी केंद्र लागायचं. पिअर्सनं तीन पायांच्या चिमुकल्या वस्तूला दिलेलं नाव आम्ही खोक्यासकट घेतलं, कुणालाही न विचारता.