‘सोलर आणि बॅटरीमुळे कमजोर ग्रीड कोसळतं’ : दाव्यातलं खरं किती?

सध्या एक संदेश जोरात फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: स्पेनचं ग्रीड (वीज पोहोचवणारं जाळं) सौरऊर्जेने पाडलं, सोलरला फक्त वीज ढकलता येते, बॅटरी म्हणजे नुसती साठवणीची टाकी, आणि फिरणाऱ्या जनरेटरशिवाय कमजोर ग्रीड, म्हणजे छोट्या झटक्यानेही व्होल्टेज हलणारं जाळं, टिकूच शकत नाही. असं वाचून लोक प्रकल्पांना विरोध करू लागतात, म्हणून सविस्तर उत्तर द्यायलाच हवं.

आधी स्पेन. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, ते व्होल्टेज मर्यादेपलीकडे चढल्यामुळे. एक वीजकेंद्र ग्रीडपासून तुटलं की व्होल्टेज आणखी वाढायचं, मग पुढचं तुटायचं. चढलेलं व्होल्टेज उतरवायला रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेज वर-खाली करणारी वीज) शोषावी लागते. सोलर इन्व्हर्टरना (पॅनेलची डीसी वीज ग्रीडच्या एसीत बदलणाऱ्या उपकरणांना) हे जमतं. पण तिथल्या नियमानुसार ते ठरावीक पॉवर फॅक्टरवर (प्रत्यक्ष आणि रिॲक्टिव्ह पॉवरच्या ठरलेल्या प्रमाणावर) चालत होते, म्हणजे व्होल्टेज कितीही हललं तरी त्याकडे बघायचंच नाही. स्पेन सरकारच्या अहवालात तर असंही आहे की ज्या पारंपरिक केंद्रांवर हे काम सोपवलं होतं, त्यांनीही अपेक्षेइतकी रिॲक्टिव्ह पॉवर शोषली नाही. सूर्यावर खापर फोडताना संदेशात हे वाक्य गाळलेलं असतं.

‘सोलरला फक्त ढकलता येतं’ हा समज आला कुठून? जुन्या नियमांतून. अमेरिकेतल्या २००३ च्या आयईईई (विद्युत अभियंत्यांची संस्था) १५४७ मानकाने छोट्या वीजस्रोतांना व्होल्टेज नियंत्रित करायला मनाई केली होती आणि गडबड दिसली की बाजूला व्हायला सांगितलं होतं. २०१८ च्या आवृत्तीत याच्या उलट अपेक्षा आहे: झटक्यात टिकून राहा, व्होल्टेजला हातभार लावा. मधल्या काळातला धडा कॅलिफोर्नियाचा. १६ ऑगस्ट २०१६ ला वणव्यामुळे वाहिन्यांवर बिघाड झाले आणि सुमारे १,२०० मेगावॉट सौरवीज गायब झाली. त्यातल्या बऱ्याच इन्व्हर्टरनी व्होल्टेजची क्षणभर विस्कटलेली लहर ‘फ्रिक्वेन्सी (लहरीची सेकंदाला होणारी आवर्तनं) घसरली’ अशी चुकीची वाचली होती. पॅनेल शाबूत, सूर्य डोक्यावर. चुकली होती ती मोजणी आणि सेटिंग.

लांब, बारीक तारेच्या फीडरच्या (वस्तीला वीज नेणाऱ्या वाहिनीच्या) टोकाला मात्र एक खरी अडचण असते. तिथे रोध जास्त, त्यामुळे भर दुपारी सोलरची वीज उलट वाहू लागली की व्होल्टेज वर जातं आणि नुसती रिॲक्टिव्ह पॉवर शोषून ते पुरेसं उतरत नाही. तिथे बॅटरी लागते. पण तीही शहाणपणाने चालवलेली. सकाळी दहालाच पूर्ण भरलेली बॅटरी दुपारी निरुपयोगी, म्हणून चार्जिंग दुपारसाठी राखून ठेवायचं. फ्रिक्वेन्सी सांभाळायची असेल तर द्यायला आणि घ्यायला, दोन्हीला जागा सोडावी लागते.

आता ‘टाकी’. नेहमीचा इन्व्हर्टर ग्रीडची लहर ऐकून तिच्यामागे जातो. समूहगानात दुसऱ्याचा सूर पकडून गाणाऱ्यासारखा, बाकीचे डळमळले की त्याचाही सूर सुटतो. कमजोर ग्रीडमध्ये नेमकं हेच होतं. ग्रीड-फॉर्मिंग इन्व्हर्टर व्होल्टेजची लहर स्वतः उभी करतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात डॅलरिम्पलची ३० मेगावॉटची बॅटरी २०१८ मध्ये सुरू झाली. मुख्य वाहिनी तुटली तर जवळचं पवनचक्की-केंद्र आणि घरांवरची सोलर जोडून ती तो भाग स्वतंत्र चालवू शकते. तिथल्याच हॉर्न्सडेलच्या बॅटरीला २०२२ मध्ये नियंत्रणाच्या बळावर जडत्व (फ्रिक्वेन्सीतला अचानक बदल मंदावण्याची ताकद) पुरवण्याची जोड मिळाली.

संदेशात खरी गोष्ट एकच आहे आणि ती मान्य केली पाहिजे. शॉर्ट सर्किट झाल्यावर जनरेटर आपल्या क्षमतेच्या कित्येक पट प्रवाह देतो, इन्व्हर्टर क्षमतेहून जेमतेम थोडा जास्त. तेवढ्यावर जुना रिले (बिघाड ओळखून वाहिनी तोडायला लावणारं उपकरण) बिघाड ओळखेलच असं नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियाने यासाठी २०२१ मध्ये चार सिंक्रोनस कंडेन्सर बसवले. ही यंत्रं जनरेटरसारखी फिरतात आणि बिघाडात मोठा प्रवाह देतात, पण इंधन जाळत नाहीत. त्यामुळे एखाद्या प्रकल्पाला विरोध करायचाच असेल, तर आधी त्याची कागदपत्रं मागा: शॉर्ट सर्किटचा अभ्यास झालाय का, रिले नव्याने लावलेत का, आणि इन्व्हर्टर कोणत्या मोडवर (लहरीमागे जाणारा की लहर उभी करणारा) चालणार आहे.