चोरीचा आळ आणि वकील: सत्तरीकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सत्तरीकर, नमस्कार. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की दुकानात चोरीचा आळ आला तर कुठल्याही कागदावर सही करण्याआधी वकिलाला फोन करा. त्यावर तुम्ही लिहिलंत की मी चोरांना पळवाटा शिकवतोय, निर्दोष माणसाला वकील लागत नाही, आणि आपल्या गोव्यात असली प्रकरणं दुकानातच मिटतात, पैसे भरायचे, माफी लिहून द्यायची आणि घरी जायचं. वर "तुमचा वकील फुकट येतो का?" असंही विचारलंत. असं वाटणारे तुम्ही एकटे नाही, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आधी ते "माफी लिहून द्यायची" बघू, कारण माझं खरं भांडण तिथेच आहे. समजा चवथीच्या बाजाराची गर्दी आहे, पेडण्याहून म्हापशाला आलेली एक बाई, कडेवर पोर, खांद्याला फोन अडकवलेला, आणि बाहेर पडताना तिच्या पिशवीत बिल न झालेली क्रीमची बाटली सापडते. चोरली की राहून गेली ते तिलाच ठाऊक. तिला आतल्या केबिनमध्ये नेतात, गार्ड दारात उभा, मॅनेजर म्हणतो सही कर नायतर पोलिसांना बोलावतो, आणि ती कागद न वाचताच सही करते. आता हे बघा, पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध कोर्टात वापरता येत नाही, जुन्या पुरावा कायद्यात तसंच होतं आणि नव्यातही तसंच आहे. पण मॅनेजर काही पोलीस नव्हे! त्याला लिहून दिलेला कागद कोर्टापुढे येऊ शकतो, मग तो दबावाखाली लिहिला हे सांगत बसा. चोरी ठरायला अप्रामाणिक हेतू लागतो, विसरून राहिलेली वस्तू म्हणजे चोरी नव्हे, आणि नेमका तो हेतूच बाईने स्वतःच्या सहीने लिहून दिलेला असतो. एवढं करून दुकान नंतर तक्रार देणार नाही याची काय गॅरंटी? म्हणून मी म्हटलं की आधी वकिलाला फोन, सही नंतर. यात पळवाट कुठे आली?

दुसरं, रक्कम. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ प्रमाणे माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल तर शिक्षा सामुदायिक सेवेची, म्हणजे कोर्ट सांगेल ते लोकोपयोगी काम बिनपगारी करायचं. हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपाससुद्धा करू शकत नाहीत. ५,००० किंवा त्याच्या वर गेलं की दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात), अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही, द्यायचा की नाही ते कोर्ट ठरवतं) आणि तीन वर्षांपर्यंत कैद. त्यामुळे ४,८०० चा माल की ५,२०० चा यावर त्या माणसाची रात्र कुठे जाणार ते ठरतं, आणि दुकानाने आधी गहाळ झालेल्या दोन वस्तूही याच्याच नावावर घातल्या तर आकडा चढायला कितीसा वेळ लागतो? तिथे यादी एकेक वस्तू करून तपासा म्हणणारा कोणीतरी पाहिजे, रडणाऱ्या बाईला ते सुचणार नाही. त्यात कलम ३०५ वेगळंच, माल ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतली चोरी, सात वर्षांपर्यंत शिक्षा. दुकानातल्या चोरीला हे कलम लावलं तर जामिनाचं सगळं गणितच बदलतं. ते इथे बसतं की नाही यावर वाद घालणं हे वकिलाचंच काम, तुमचं माझं नव्हे.

गार्डने किती वेळ डांबून ठेवायचं यालाही नियम आहे बरं का. साध्या नागरिकाला कोणाला पकडायचं असेल तर गुन्हा त्याच्या डोळ्यांदेखत घडलेला, आणि दखलपात्र व अजामीनपात्र असा दोन्ही असावा लागतो, आणि जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. पाचशेच्या क्रीमसाठी केबिनला कडी लावणं यात बसत नाही.

आता "पैसे भरा आणि विसरा". सामुदायिक सेवा ऐकायला हलकी वाटते, पण ती दोषी ठरल्यावरची शिक्षा आहे, रेकॉर्डवर राहते. आपल्याकडे घराघरातला एखादा मुलगा बोटीवर, गल्फला नाहीतर लंडनला जायच्या तयारीत असतो, तिथे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागतात, तेव्हा ती बाटली केवढ्याला पडते ते कळतं. साध्या चोरीत मालकाच्या संमतीने तडजोड होऊ शकते, तुरुंगात न टाकता चांगल्या वागणुकीच्या अटीवर सोडायचा, म्हणजे प्रोबेशनचा १९५८ चा कायदा आहे, आरोपी अठराच्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. खऱ्या चोराला शिक्षा होऊ नये असं मी म्हणत नाही, त्याने चोरी केली तेवढीच व्हावी एवढंच म्हणतोय. दुकानदारांचं नुकसान होतं हेही खरं, लहान दुकानदाराचं तर जास्तच, पण त्यांनाही धड पुरावा आणि योग्य कलम असलेलीच केस लागते ना?

आणि सीसीटीव्ही! फुटेज काही दिवसांनी पुसलं जातं, त्यावर नवीन चढतं. ती बाई बिल काउंटरवर पोराला सावरत होती हे दिसणार असेल तर फुटेज जपून ठेवायची मागणी लगेच आणि लेखी करावी लागते, सहा महिन्यांनी तारखेला नव्हे. निर्दोष माणसाला वकील पहिल्या दिवशीच लागतो तो यासाठी.

राहिला फुकटचा प्रश्न, तर हो, बऱ्याच जणांना फुकटच येतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कस्टडीत असलेला कोणीही यांना मोफत वकील मिळतो, आणि यांना उत्पन्नाची अट नाही. गोव्यात उत्तर आणि दक्षिण दोन्ही जिल्ह्यांची प्राधिकरणं आहेत, फोनवर विचारायचं तर १५१०० हा देशभराचा नंबर. वाळपईच्या माणसाला पणजी गाठायच्या आधी हा एक फोन करता येतो, आणि तो करताना गुन्हा केला की नाही असं आधी कोणी विचारत नाही.