ज्वारीच पेरणार!

सप्टेंबर उजाडला की बांधावर कुणीतरी येऊन उभा राहतोच. "अजून ज्वारीच? ऊस लाव की गड्या!" अरे, पण पाणी कुठंय? ऊस वर्ष-दीड वर्ष रान अडवून पाणी पितो. माझी मालदांडी ३५-१ जातीची ज्वारी मंगळवेढ्याच्या काळ्या रानातल्या ओलीवर चार महिन्यांत तयार होते. घरात धान्य, गोठ्यात कडबा. या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय, तरी यांच्या लेखी मी खुळाच! परवा मामांनीही तेच ऐकवलं, तेही माझ्याच ज्वारीची भाकरी मोडत. हुरड्याला मात्र सगळे हजर! आगटीभोवती बसून गरम कणसं तळहातावर चोळतात, फुंकर मारून दाणे तोंडात टाकतात आणि पुन्हा म्हणतात, "ऊस लाव." डोकं उठतं माझं! पेरणीची पाभर उद्याच बाहेर काढतोय.