एपीआर लिहिलाच पाहिजे

धंद्याला कर्ज देणाऱ्यांनी एपीआर, म्हणजे फीसकट कर्जाचा वर्षाचा खरा दर, आधी लिहून द्यायचा ही सक्ती जास्त आहे म्हणणाऱ्यांनी एकदा माझा हिशोब बघावा. आमचं कॅलिफोर्नियात छोटं रेस्टॉरंट आहे, 2021 मधे किचनचा फ्रीजर बंद पडला म्हणून 50,000 डॉलरचा मर्चंट कॅश ॲडव्हान्स (पुढच्या विक्रीतून फेडायची आगाऊ रक्कम) घेतला, एजंट म्हणाला फॅक्टर रेट (घेतलेल्या रकमेच्या किती पट परत करायचे) फक्त 1.3, मला वाटलं 30 टक्के व्याज असेल, चालतंय. पण रोज सकाळी खात्यातून 500 डॉलर जायचे, कामाचे 130 दिवस, म्हणजे सहा महिन्यांत 65,000, आणि मुद्दल रोज कमी होत असल्याने खरा एपीआर शंभरच्या वर जातो हो!! हे मला कोणीच सांगितलं नाही, आणि एपीआर सांगायला लावणारा फेडरल ट्रुथ इन लेंडिंग कायदा धंद्याच्या कर्जाला लागूच होत नाही. धंद्याच्या कर्जासाठी कॅलिफोर्नियाचा असा कायदा 2018 चा, पण नियम लागू झाले डिसेंबर 2022 मधे, तेही 5 लाख डॉलरपर्यंतच्या कर्जांनाच. न्यूयॉर्कने 2023 पासून 25 लाखांपर्यंत केलं ते बरं केलं. सही करायच्या आधी तो एक आकडा समोर असता तर मी फ्रीजर भाड्याने आणला असता.