रेव्हमध्ये स्का चिकटवलेला नव्हता, तो मुळातच बसत होता

समाजमाध्यमांवर एक मजकूर सारखा पुढे ढकलला जातोय: नव्वदच्या सुरुवातीचं इंग्लंडमधलं रेव्ह संगीत (रात्रभराच्या नाचाच्या पार्ट्यांचं इलेक्ट्रॉनिक संगीत) मूळचं गोव्याचं, ते मशिनचं बटण दाबून तयार व्हायचं आणि त्यात स्का-रेगे या जमैकन संगीताचे तुकडे नुसते गमतीसाठी चिकटवलेले असायचे. तिन्ही गोष्टी चूक आहेत.

गोव्याचं थोडक्यात. हणजूणच्या किनाऱ्यावर सत्तरच्या दशकापासून पार्ट्या होत होत्या, हे खरं. पण उष्णतेने रेकॉर्ड वाकतात म्हणून तिथले डीजे कॅसेटवर आणि पुढे डॅट या डिजिटल टेपवर वाजवायचे. लंडनमध्ये मात्र टेक्निक्स 1210 या रेकॉर्ड प्लेअरवर वेग 8 टक्के वर-खाली करून दोन रेकॉर्डचे ठोके जुळवायचे. तिथल्या रेव्हला शिकागोचं हाउस, डेट्रॉइटचं टेक्नो आणि जमैकन वस्त्यांमधल्या साउंड सिस्टिम यांनी घडवलं.

आता चिकटवण्याचं. हाउसमध्ये किक (मोठ्या ढोलाचा आघात) प्रत्येक ठोक्यावर पडते आणि उघडा हाय-हॅट (झांजेचा आवाज) दोन ठोक्यांच्या बरोबर मधे. स्कामध्ये गिटार किंवा पियानोचा तुटक फटका, म्हणजे ‘स्कँक’ही, नेमका तिथेच पडतो. 125 बीपीएमला (मिनिटाला 125 ठोके) एक ठोका 480 मिलिसेकंदांचा, म्हणजे दोघांचीही जागा 240 वर. हा योगायोग ज्यांच्या कानावर पडला, त्यांनी लगेच वापरला: लाँग्सी डीचं ‘दिस इज स्का’ 1989 मध्येच आलं होतं.

पण आयता तुकडा उचलून चालत नाही. जुने स्का बँड क्लिकशिवाय (ताल धरून देणाऱ्या यंत्राच्या टिकटिकीशिवाय) वाजवायचे, त्यामुळे वेग हलतो. 120 च्या तालातल्या चार मात्रांच्या चार ओळी तशाच 125 वर टाकल्या, तर शेवटी 320 मिलिसेकंदांचा फरक पडतो आणि सगळं कोलमडतं. म्हणून एकच स्कँक कापून हव्या त्या जागी पुन्हा पुन्हा वाजवतात. स्का झुलता असेल, म्हणजे ठोक्याचे दोन भाग असमान असतील, तर त्याचा स्कँक ठोक्यानंतर 320 मिलिसेकंदांच्या आसपास येतो आणि सरळ हाय-हॅटशी भांडतो. शिवाय मूळ रेकॉर्डचा बास गाळावा लागतो; नाहीतर किकखाली नुसता गदळ आवाज उरतो.

रेगेचं गणित वेगळं. 145 च्या ब्रेकबीटवर (जुन्या रेकॉर्डमधून कापलेल्या ढोलाच्या तालावर) तो निम्म्या वेगाने, साडेबहात्तरवर चालतो. ढोल धावतात, बास निवांत चालतो. प्रॉडिजी या इंग्लिश रेव्ह गटाच्या 1992 च्या ‘आउट ऑफ स्पेस’मध्ये जमैकन रेगे गायक मॅक्स रोमियोचा आवाज ऐका, म्हणजे कळेल.

आणि बटण? अकाई एस950 या सॅम्पलरमध्ये (आवाजाचा तुकडा, म्हणजे नमुना, साठवून वाजवणारं यंत्र) मुळात 750 केबी स्मृती, वाढवून सव्वादोन एमबी. जागा वाचवायला 33 आरपीएमची रेकॉर्ड 45 वर लावून नमुना घ्यायचे आणि मग सॅम्पलरमध्ये सुमारे पाच अर्धस्वर खाली उतरवायचे. जागा चतुर्थांशाहून जास्त वाचते, पण वरचे बारीक सूर थोडे जातात. त्या काळच्या रेकॉर्डचा खरखरीतपणा काही अंशी इथूनच येतो. नमुना उशिरा कापला तर ढोलाचा पहिला आघातच जातो, लवकर कापला तर ठोका मागे पडतो. आवाजाची लहर शून्यावर नसताना लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) जोडला तर दर फेरीला टिक वाजते.

‘चिपमंक’ म्हणतात त्या चिरक्या, चढ्या आवाजाचंही तसंच. 136 चा नमुना 150 वर नेला की सूर जवळजवळ पावणेदोन अर्धस्वरांनी चढतो, कारण वेग आणि सूर एकाच दोरीला बांधलेले असतात. गायकाचा आवाज बहुतेक वेळा मुद्दाम चढवलेला नसतो, ताल जुळवताना तो चढतो.