पाचोळा जाळू नका, आमच्याकडे द्या

आज सकाळी साडेसहाला खिडकी उघडली आणि पुन्हा तोच धूर घरात आला. नाशिकच्या गंगापूर रोडच्या आतल्या गल्ल्यांत राहणाऱ्यांना फेब्रुवारी-मार्चचा हा वास वेगळा सांगायला नको. पिंपळ, कडुनिंब, बदाम, सगळे एकदमच पानं टाकतात, कडेला ढीग लागतात आणि कुणीतरी काडी लावतं. पहाटे गारवा असतो, वारा पडलेला असतो, म्हणून धूर वर जातच नाही, पहिल्या-दुसऱ्या मजल्याशी रेंगाळत राहतो. आमच्या शेजारच्या आजींना दमा आहे. हे दोन महिने त्या गॅलरीत बसत नाहीत.

आमच्या बागप्रेमींच्या गटाबद्दल आज लिहायचंय ते यामुळेच.

गट सुरू झाला तो गुलाबांच्या हौसेतून. महापालिकेच्या पुष्पोत्सवात कुंड्या ठेवायच्या, कलमं एकमेकींना द्यायची. आपल्या शहराचं जुनं नाव गुलशनाबाद, याचाही अभिमान होता. मग समाजासाठी काही करू या म्हणून ५ जूनला, पर्यावरण दिनी, रोपं लावणं, तुळशी वाटणं, एका वृद्धाश्रमात वाफे करून देणं हे सुरू झालं. वृद्धाश्रमाचं काम मला फार जवळचं आहे. तिथे कंबरेइतक्या उंच ओट्यांवर वाफे केले, त्यामुळे ज्यांना वाकता येत नाही त्या आजोबांनाही खुरपं चालवता येतं.

पण रस्त्याकडेच्या रोपांवरून मी गटात भांडले, आणि ते बरोबरच केलं असं मला आजही वाटतं. खड्डा मुरमात, वर बांधकामाचा राडारोडा, चारी बाजूंनी पेव्हर ब्लॉक. तिथे करंज लावा नाहीतर बकुळ, पहिल्याच उन्हाळ्यात मान टाकते. आम्ही पाणी घातलं, जाळ्या लावल्या, तरी बरीच गेली. त्या खड्ड्यात मातीच नव्हती.

आणि आपण माती आणतो कुठून? कुणाच्या तरी शेतातून. गच्चीवरच्या बागेसाठी ट्रॉलीभर काळी माती मागवताना मलाही पूर्वी काही वाटायचं नाही. आता वाटतं. इंचभर सुपीक माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. शेताची ती साय आपण चौथ्या मजल्यावर चढवतो आणि खाली रस्त्यावर जे पान माती होऊ शकलं असतं ते पेटवतो. द्राक्षाच्या जिल्ह्यात राहून आपल्याला हे कळू नये? वेलीच्या बुडाशी पाचोळ्याचं आच्छादन का करायचं, हे इथल्या कुठल्याही बागायतदाराला विचारा.

गेल्या वर्षी एका सकाळी मी झाडणाऱ्या मावशींना जरा चढ्या आवाजातच विचारलं, की का जाळता? त्या म्हणाल्या, "ताई, टाकू कुठं? घंटागाडीवाला एवढा पाला घेत नाय. ढीग ठेवला तर लोक तक्रार करतात." मला उत्तर सुचलं नाही. घनकचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे कचरा उघड्यावर जाळता येत नाही, बागेचा कचरा वेगळा ठेवायचा असतो. २०१६ मध्येच राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये दंड सांगितला. पण जिच्या हातात झाडूशिवाय काही नाही तिच्याकडून दंड घेऊन काय होणार? तिला पाला टाकायला जागा हवी होती.

ती जागा आम्ही केली. कॉलनीच्या ओपन स्पेसच्या कोपऱ्यात लोखंडी जाळीचे चार पिंजरे, प्रत्येकी चार फूट लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच. ढीग तीन फुटांपेक्षा लहान असला तर आत ऊब धरत नाही, म्हणून हे माप. नुसता वाळका पाला कुजायला खूप वेळ घेतो, कारण त्यात कर्ब भरपूर आणि नत्र कमी. म्हणून तीन घमेली पाचोळ्याला एक घमेलं स्वयंपाकघरातला ओला कचरा, वर शेणकाला आणि आंबट ताक. पाला मुठीत दाबला तर हाताला ओल लागावी, पाणी गळू नये, एवढंच भिजवायचं. चार-पाच दिवसांत आतलं तापमान ५५-६० अंशांपर्यंत जातं. पहिल्यांदा हात घातला तेव्हा चटकाच बसला! दर आठवड्याला वर-खाली करायचं. गुलमोहराची बारीक पानं लवकर मुरतात. वडाची आणि आंब्याची पानं चिवट, ती आधी तुडवून चुरावी लागतात. आणि संक्रांतीनंतरच्या पाल्यात नायलॉन मांजा निघतो, इतका की पहिला आठवडा आम्ही तोच वेचत होतो. तो मांजा पुन्हा झाडावर जायला नको, पाखराच्या पायात तर नकोच.

चार महिन्यांत चार फुटांचा ढीग दीड फुटावर आला. काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येणारं खत. निम्मं महापालिकेच्या एका शाळेच्या परसबागेला दिलं. तिथे मुलांनी मेथी, पालक, भोपळा लावला, कुंपणाला शेवगा. त्यातली मेथी शाळेच्या खिचडीत पडली त्या दिवशी मी तिथे होते. एक मुलगी ताट दाखवत म्हणाली, "ही माझ्या वाफ्यातली." उरलेलं खत आम्ही रस्त्याकडेच्या त्याच खड्ड्यांत, राडारोडा काढून भरलं. या वेळी लावलेले करंज अजून उभे आहेत.

नोव्हेंबर २०२५ मध्ये कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा किती नाशिककर रस्त्यावर उतरले! मला त्या गर्दीचा फार आनंद झाला होता. त्यातल्या प्रत्येकाने आपल्या दारातल्या झाडाचं पानही तेवढंच आपलं मानावं असं मला वाटतं. बागेच्या गटांनी रोपं वाटणं थोडं कमी करून वर्षभर माती करण्याचं काम हाती घ्यावं. या कामात फोटो काढण्यासारखं काही नसतं. हात काळे होतात, अंगाला वास येतो, आणि दर आठवड्याला यावंच लागतं. पण शहराला सगळ्यात जास्त गरज याचीच आहे.

मावशी आता स्वतःच पोती भरून पिंजऱ्यापाशी आणून ठेवतात. त्यांना हातमोजे आणि चहा आमच्याकडून. आज सकाळचा धूर आमच्या गल्लीतला नव्हता, पलीकडच्या गल्लीतला होता. त्या बाजूच्या कुणी हे वाचत असेल तर कृपया कळवा, दोन पिंजऱ्यांची जाळी आमच्याकडे शिल्लक आहे, उभे करायला आम्ही येऊ.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता ओपन स्पेसमध्ये खत चाळायचं आहे. चाळण्या आहेत, घमेलं घरून आणा.